१.८ टर्बोच्या पोटातले पार्ट निवडताना

स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएसमधलं वीस व्हॉल्व्हचं १.८ टर्बो इंजिन आपल्याकडे १५० अश्वशक्ती आणि २१० न्यूटन मीटर टॉर्क घेऊन आलं. इंदुरात आमच्या वर्कशॉपमध्ये उघडलेल्या या इंजिनाकडून मालकाला ३०० अश्वशक्ती हवी होती, आणि तरीही गाडी रोजच्या वापरातली राहायला हवी होती. एरवी पलासिया ते विजयनगरच्या गर्दीत रांगणारी आणि संधी मिळेल तेव्हा पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राच्या ट्रॅकवर पळणारी. नॅट्रॅक्सचा अंडाकृती हायस्पीड ट्रॅक ११.३ किलोमीटरचा आहे. ताशी २०० किलोमीटरने एक फेरी मारायला ३ मिनिटं २० सेकंदांहून जास्त वेळ लागतो. ड्रॅगच्या पट्टीवर बारा-तेरा सेकंदांत सगळं संपतं, पिस्टनचा माथा आणि तेल पुरतं तापायच्या आत पाय थ्रॉटलवरून निघालेला असतो. इथे तशी सवलत नाही. म्हणून पार्टांची यादी करायच्या आधी आम्ही एकच गोष्ट लिहून घेतली: कोणत्या पार्टवर कोणता भार येणार, आणि किती वेळ.

पिस्टनला क्रँकशी (इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याशी) जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडपासून सुरुवात केली, कारण या इंजिनात आधी तोच हार मानतो. रॉडवर दोन दिशांनी भार येतो आणि दोन्हींची कारणं वेगळी असतात. पहिला वरून खाली दाबणारा. ८१ मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनचं क्षेत्रफळ साडेएक्कावन्न चौरस सेंटिमीटर भरतं. सिलिंडरमधला दाब १०० बारला पोचला की पिस्टनवर सव्वापाच टन पडतात. हा भार टॉर्कबरोबर वाढतो, आरपीएमशी त्याचा फारसा संबंध नाही. छोटा टर्बो अडीच हजारालाच पूर्ण बूस्ट (कोंबलेल्या हवेचा जादा दाब) देऊ लागला की मूळचा बारीक रॉड वाकतो, आणि वाकलेला रॉड काही दिवस मुकाट चालतोही. कॉम्प्रेशन एका सिलिंडरला थोडं कमी दिसतं, बाकी काही कळत नाही. मग एक दिवस तो ब्लॉकच्या भिंतीतून बाहेर येतो.

दुसरा भार ओढणारा. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी पिस्टन वर पोचतो तेव्हा त्याला थोपवायला वर गॅसचा दाब नसतो, सगळी ओढ रॉडच्या दोन बोल्टांवर येते. या इंजिनाचा स्ट्रोक ८६.४ मिलिमीटर आणि रॉड १४४ मिलिमीटर लांब. पिस्टन, पिन, रिंग आणि रॉडचं वरचं टोक मिळून ६०० ग्रॅम धरलं, तर ७००० आरपीएमला ही ओढ सुमारे १८५० किलो येते. ८००० ला तीच २४०० किलो. आरपीएम १४ टक्क्यांनी वाढले आणि ओढ ३० टक्क्यांनी, कारण ती आरपीएमच्या वर्गाने वाढते. ३०० अश्वशक्तीसाठी ८००० ची गरजच नाही. लिमिटर, म्हणजे आरपीएमची कमाल मर्यादा, ७२०० ला ठेवायचा, हे कागदावर पक्कं झालं आणि त्या एका आकड्याने बरेच महागडे पार्ट यादीतून उतरले.

रॉड घेतले ४३४० स्टीलचे, फोर्ज केलेले, एच आकाराच्या छेदाचे. आपल्याकडच्या खरादवाल्यांना हे स्टील ईएन २४ म्हणून ओळखीचं आहे. दोन्ही तंतोतंत एक नाहीत, पण घराणं एकच. त्याहून महत्त्वाचे त्यातले बोल्ट. कंपनीचे बोल्ट ताणले जाणारे असतात, ३० न्यूटन मीटर आणि वर ९० अंश, आणि एकदा उघडले की पुन्हा वापरायचे नाहीत. नव्या रॉडबरोबर एआरपी २००० जातीचे बोल्ट मागवले. त्याहून वरच्या जातीचे मिळतात, पण ७२०० च्या लिमिटरला त्यांचा उपयोग नाही, तो पैसा मोजमापावर आणि होनिंगवर (सिलिंडर बारीक घासून नेमक्या मापाला आणण्यावर) गेलेला बरा.

ऑर्डर देताना पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या पिनचा व्यास तपासा. या इंजिनाच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत पिस्टनची पिन २० मिलिमीटरची होती, नंतरच्यांत १९ ची. रॉड एका दुकानातून आणि पिस्टन दुसऱ्या दुकानातून घेतले की इथे घोळ होतो. १९ च्या रॉडला रीमर मारून २० करू, असं कोणी सुचवलं तर नको म्हणा. बुश पातळ होतो आणि टर्बोच्या दाबाखाली सरकतो. आम्ही दोन्हीकडे २० ची पिन घेतली, जाड भिंतीची. पातळ पिन वजनाला हलकी असते, पण पाच टनांखाली ती अंडाकृती होते आणि पिस्टनची पिन बसते तिथली भोकं तडकवते.

पिस्टनच्या धातूवर आमच्यातही मतभेद होतात. फोर्ज केलेले पिस्टन मुख्यतः दोन मिश्रधातूंत येतात, ४०३२ आणि २६१८. ४०३२ मध्ये सुमारे १२ टक्के सिलिकॉन असतं. तो तापला तरी कमी फुगतो, म्हणून सिलिंडरच्या भिंतीशी कमी फट (क्लिअरन्स) ठेवून बसतो, सकाळी थंड इंजिनात खडखडत नाही आणि रिंगच्या खाचा जास्त काळ टिकतात. २६१८ मध्ये सिलिकॉन नावापुरतंच. तो जास्त फुगतो, थंडीत वाजतो आणि लवकर झिजतो, पण नॉकिंगचा, म्हणजे मिश्रण अवेळी भडकण्याचा, फटका बसला तर चटकन तुटत नाही, आधी दबतो. ४०३२ अशा वेळी दोन रिंगमधल्या पट्टीला तडकतो. फक्त शहरात फिरणारी गाडी असती तर आम्ही डोळे मिटून ४०३२ बसवला असता. लांब ट्रॅकवर, मे महिन्यात ४२ अंशांत, टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरमधूनही गरम हवाच येत असताना नॉकिंग एखाद्या वेळी होणारच असं धरून चालावं लागतं. त्यामुळे २६१८. त्याच्या झिजेचा हिशेब तेल लवकर बदलून भरायचा.

कॉम्प्रेशन मूळच्या ९.५ वरून ९.० वर आणलं. आता पंपावर मिळणारं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल ९५ ऑक्टेनचं असतं आणि इथेनॉल सिलिंडर थंड ठेवायला मदतही करतं, म्हणून ८.५ पर्यंत उतरण्याची गरज वाटली नाही. तितकं उतरलं की टर्बो जागा होईपर्यंत गाडी मरगळलेली राहते, आणि ही गाडी बहुतेक वेळ तिथेच, कमी आरपीएमला, चालणार आहे. इथेनॉलमुळे इंजेक्टर मात्र मोठे लागतात, हे पोटाबाहेरचं काम असलं तरी पिस्टनचा जीव त्यावर अवलंबून आहे. कमी पेट्रोलावर पळवलेल्या इंजिनात कोणताच पिस्टन टिकत नाही.

ब्लॉक बिडाचा आहे आणि चांगला आहे. क्रँक कंपनीचाच ठेवला. तो फोर्ज केलेला असतो आणि ३०० अश्वशक्ती त्याला जड नाही. फक्त मॅग्नेटिक क्रॅक टेस्ट करून घेतली आणि जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे त्याचे गोल भाग, मायक्रोमीटरने तपासले. मेनचे (क्रँक ब्लॉकमध्ये बसतो तिथले) जर्नल ५४ मिलिमीटरचे, रॉडचे ४७.८ चे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ५ मायक्रॉनहून जास्त उतार नसेल तर ग्राइंडिंग करू नये, पॉलिश पुरतं. शेवटचा पॉलिशचा हात क्रँक ज्या दिशेला फिरतो त्याच दिशेने मारायचा. उलट मारला तर पृष्ठभागावरचे बारीक केस उभे राहतात आणि बेअरिंग खरवडतात.

सिलिंडर मात्र झिजलेले निघाले, तेही वरच्या भागात, जिथे पहिली रिंग थांबते तिथे. ८१.५ चे पिस्टन घ्यायचं ठरलं. त्याने इंजिन १८०३ सीसीचं होतं, ताकदीत फरक पडत नाही. ८३ पर्यंतचे पिस्टन मिळतात आणि ग्राहकांना मोठा आकडा आवडतो, पण भिंत पातळ करून मिळालेली सीसी बूस्टखाली महागात पडते. सिलिंडर गोल राहत नाही, रिंग बसत नाही, तेल जळतं. पिस्टन हातात आल्याशिवाय बोअरिंगला ब्लॉक देऊ नका. आधी पिस्टन, मग त्याच्या मापाचं भोक.

बोअरिंग साडेएक्क्याऐंशीच्या खाली ६० मायक्रॉन सोडून थांबवलं आणि उरलेलं होनिंगने काढलं. होनिंग टॉर्क प्लेट लावूनच. हेडचे स्टड आवळले की ब्लॉकचा वरचा भाग ओढला जातो आणि सिलिंडरचा गोल बिघडतो. प्लेट लावून गोल केलेला सिलिंडर हेड बसल्यावर गोल राहतो, प्लेटशिवाय केलेला राहत नाही. ही प्लेट विकत शोधत बसण्यापेक्षा सांवेर रोडच्या औद्योगिक वसाहतीत कुठल्याही बऱ्या खरादेवर करून मिळते. ५० मिलिमीटर जाड स्टीलची, चार भोकं सिलिंडरपेक्षा ३-४ मिलिमीटर मोठी, खाली जुनी हेड गॅस्केट, आणि शेवटी बसवायचे आहेत तेच स्टड, त्याच टॉर्कने. स्टडऐवजी होनिंगच्या वेळी कंपनीचे बोल्ट लावले तर ओढ वेगळी येते आणि सगळी मेहनत वाया जाते. आमच्या ब्लॉकमध्ये प्लेट लावल्यावर वरच्या ३० मिलिमीटरमध्ये गोलाईत २० मायक्रॉनचा फरक दिसला. रिंगच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

आता मोजमापाबद्दल, कारण टिकाऊ इंजिन इथे बनतं किंवा बिघडतं. मोजमापाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सियस आहे. इंदुरात मे महिन्यात दुपारी शेडमध्ये ४० अंश असतात. ८१.५ मिलिमीटरचं बिडाचं भोक २० अंशांच्या फरकाने १८ मायक्रॉन वाढतं, तेवढ्याच मापाचा २६१८ चा पिस्टन ३६ मायक्रॉन. दोन्ही एकाच तापमानाला मोजले तर निदान हिशेब मांडता येतो. घात होतो तो असा: पिस्टन खोक्यातून काढून २४ अंशांच्या एसी खोलीत मोजला, आणि ब्लॉक जड म्हणून बाहेर ४० अंशांत मोजला. भोक १४ मायक्रॉन मोठं दिसतं. कागदावर ८० मायक्रॉन क्लिअरन्स येतो, प्रत्यक्षात असतो ६६. बूस्टखाली २६१८ ला ६६ कमी आहेत, पहिल्याच लांब धावेत स्कर्ट (पिस्टनचा खालचा घेर) घासून चिकटतो आणि दोष पिस्टनच्या कंपनीला दिला जातो. आम्ही ब्लॉक, पिस्टन, मायक्रोमीटर, बोअर गेज आणि सेटिंग रिंग सगळं एका बंद खोलीत रात्रभर ठेवलं आणि सकाळी मोजलं. मायक्रोमीटर हातात फार वेळ धरायचा नाही, तोही तापतो.

पिस्टन कुठे मोजायचा हेही पिस्टनच्या कागदावर लिहिलेलं असतं: स्कर्टच्या खालच्या कडेपासून ठरावीक उंचीवर, पिनला काटकोनात. पिस्टन वरून खालपर्यंत सरळ नसतो, पिंपासारखा थोडा फुगीर असतो, म्हणून पाच मिलिमीटर वर-खाली मोजलं तरी आकडा बदलतो. स्कर्टवर काळा कोटिंगचा थर असेल तर तो मापात धरायचा की नाही, हे आधी विचारा. थर एका बाजूला १०-१५ मायक्रॉनचा असू शकतो. आम्ही चारही सिलिंडर आपापल्या पिस्टनला ८० मायक्रॉनवर बसवले आणि पिस्टनवर नंबर कोरले.

रिंगचा गॅप, म्हणजे तिच्या दोन टोकांमधली फट, टर्बो इंजिनात कंपनीच्या मापावर ठेवून चालत नाही. रिंग तापून लांबते. टोकं एकमेकांना टेकली की तिला जायला जागा उरत नाही, मग ती सिलिंडर खरवडते किंवा पिस्टनची पट्टी उचकटून टाकते. नॉकिंगने फुटलेले म्हणून आमच्याकडे येणारे काही पिस्टन खरं तर असेच गेलेले असतात. रिंगची टोकं पाहा, चकचकीत दिसली तर ती टेकली होती. वरची रिंग आम्ही ०.४५ मिलिमीटरवर ठेवली, दुसरी ०.५० वर. दुसरीचा गॅप मोठा असला की दोन रिंगमध्ये गॅस साठून वरची रिंग थरथरत नाही. प्रत्येक रिंग तिच्याच सिलिंडरमध्ये, काठापासून २५ मिलिमीटर खाली, उलट्या पिस्टनने सरळ ढकलून मोजायची. घासायची बाहेरच्या कडेकडून आत, म्हणजे बाहेरचा कठीण मुलामा उडत नाही. मग कडेचा बर्र बारीक दगडाने काढायचा. असा दगड आणि चांगली फीलर गेज सियागंजात सहज मिळते.

बेअरिंग तीन थरांची घेतली, मागे स्टील, मध्ये तांब्याचा मिश्रधातू, वर मऊ पातळ थर. दोन थरांची अॅल्युमिनियमची बेअरिंग कंपनीच्या ताकदीला उत्तम असतात, पण दुप्पट दाबाखाली ती लवकर थकतात. क्लिअरन्सचा जुना नियम जर्नलच्या व्यासाचा हजारावा भाग असा आहे. रॉडला ४८ मायक्रॉन, मेनला ५४. आम्ही दोन्ही ४५ ते ५५ मध्ये ठेवले. दाबली जाऊन फट दाखवणारी प्लास्टिगेजची दोरी ढोबळ चुका पकडायला ठीक आहे, पण निर्णय बोअर गेजनेच घ्यावा: रॉडमध्ये बेअरिंग बसवून, बोल्ट पूर्ण आवळून, उभं आणि दोन तिरक्या दिशांनी मोजून. चारपैकी एका रॉडमध्ये ३८ आले, तेव्हा बेअरिंगच्या अर्ध्या वाट्या दुसऱ्या रॉडच्या वाट्यांशी अदलाबदल करून पाहिल्या आणि ४६ मिळाले. वाट्यांच्या जाडीत काही मायक्रॉन फरक असतोच. बेअरिंग खरवडून माप काढू नये, एमरी तर जवळही आणू नये.

बोल्ट आवळण्याबाबत आम्ही आग्रही आहोत. टॉर्क रेंचवर लावलेल्या जोरातला बहुतेक भाग घर्षणात जातो, प्रत्यक्ष बोल्ट ताणायला जेमतेम दहावा हिस्सा उरतो. आटे कोरडे, तेलाचे की बोल्टबरोबर आलेल्या ग्रीसचे, यावर तोच टॉर्क वेगवेगळा ताण देतो. रॉडचे बोल्ट म्हणून स्ट्रेच गेजने आवळले. मोकळी लांबी मोजून वहीत लिहिली, आवळल्यावर किती लांबले ते पाहिलं आणि कागदावरच्या आकड्याशी जुळवलं. ही वही जपून ठेवायची. पुढे कधी उघडले आणि मोकळी लांबी मूळपेक्षा एक थाऊ, म्हणजे २५ मायक्रॉन, वाढलेली दिसली तर तो बोल्ट कायमचा ताणला गेलाय, फेकून द्यायचा. नकली बोल्ट बाजारात आहेत. खऱ्या बोल्टाची लांबी संचात एकसारखी निघते, नकलींची निघत नाही.

जुळवणीच्या आधी व्हॉल्व्ह पिस्टनच्या किती जवळ येतात ते पाहायला पिस्टनवर क्ले लावून इंजिन हाताने फिरवलं. वीस व्हॉल्व्हच्या पिस्टनवर पाच खाचा असतात आणि टायमिंग बेल्ट तुटला तर या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, त्यामुळे इथे अंदाज चालत नाही. इनटेकला किमान २ मिलिमीटर, एक्झॉस्टला अडीच. एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह तापून लांबतात म्हणून तिथे जास्त. मूळचे सोडियम भरलेले एक्झॉस्ट व्हॉल्व्ह या ताकदीला पुरेसे आहेत, फक्त ते ग्राइंड करायचे नाहीत, लॅपिंगच (पेस्ट लावून जागेवर घासून बसवणं) करायचं. खालच्या बाजूला पिस्टनवर तेल उडवणारे जेट आहेत. बाहेरच्या पिस्टनचा स्कर्ट खालच्या टोकाला त्यांना टेकतो का, ते चारही सिलिंडरला पाहिलं. टेकत असेल तर काहीजण जेट काढून टाकतात. लांब धावणाऱ्या गाडीत ते करू नये, पिस्टनचा माथा थंड ठेवणारं तेल तिथूनच येतं. स्कर्टची कड घासा किंवा जेट किंचित वळवा.

तेलाचा पंप नवा आणि पॅनमधली जाळीही नवी. या इंजिनात जळकं तेल घट्ट होऊन जाळीत बसतं. बाहेरून धुतलेली जुनी जाळी स्वच्छ दिसते, आत गाळ राहतो. उत्तम बेअरिंगही अशा जाळीने काही मिनिटांत जातात. तेल १०डब्ल्यू-५० निवडलं. इंदुरात थंडी सहसा शून्यापर्यंत जात नाही, त्यामुळे ५डब्ल्यू लागत नाही, आणि ट्रॅकवर १३० अंशांना पोचलेल्या तेलात वरचा आकडा कामाला येतो.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी प्लग काढून, पेट्रोल बंद ठेवून, तेलाचा दाब येईपर्यंत स्टार्टर फिरवला. सुरू झाल्यावर लांब आयडलवर ठेवायचं नाही. रिंगला सिलिंडरवर बसवतो तो गॅसचा दाब, आणि आयडलला तो नसतो. गळती पाहून झाली की गाडी थेट बायपासवर. तिसऱ्या गिअरमध्ये अडीच हजारापासून साडेचार हजारापर्यंत मध्यम थ्रॉटलने खेचायची, मग पाय सोडून इंजिन ब्रेकवर खाली येऊ द्यायचं, पुन्हा तेच. बूस्ट त्याला मर्यादेत ठेवणाऱ्या वेस्टगेटच्या स्प्रिंगपुरताच. साध्या मिनरल तेलावर ५० किलोमीटर, मग तेल आणि फिल्टर नवे. ५०० ला पुन्हा. सिंथेटिक त्यानंतर.

गरम तेलाला दर हजार आरपीएममागे ०.७ बार दाब हवा. ५०० किलोमीटरनंतर लीकडाउन (सिलिंडरमधून निसटणाऱ्या हवेचं प्रमाण) चारही सिलिंडरला ४ ते ६ टक्क्यांत आलं, तेव्हाच लिमिटर ५५०० वरून ७२०० ला नेला. बूस्टचा नकाशा असा लिहिला की ३००० च्या खाली टॉर्क मुद्दाम दाबलेला राहील. नव्या रॉडना त्याची तितकी गरज नाही, पण क्लच, गिअरबॉक्स आणि बेअरिंगला आहे.

प्रत्येक तेलबदलाला फिल्टर कापून घड्या उलगडून पाहायच्या. पहिल्या दोन वेळा थोडी बारीक राखाडी धूळ येते, ती होनिंगची आणि रिंगची, चुंबकाला चिकटते. तिसऱ्या वेळी ती नसली पाहिजे. चुंबकाला न चिकटणारी पांढरी चमक दिसली तर ती स्कर्टची किंवा बेअरिंगच्या वरच्या थराची, अशा वेळी बोअरस्कोप घालून सिलिंडर पाहायचे. तांबूस चमक दिसली तर वरचा थर संपून मधला उघडा पडलाय. तेव्हा इंजिन पुन्हा सुरू करायचं नाही, घरापर्यंतसुद्धा नाही. पॅन उतरवायचा, आधी रॉडचे कॅप उघडायचे, मग मेनचे, आणि वाट्या ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने मांडून ठेवायच्या.